औराद : शब्द पुढे, घुमारा मागे

हैदराबादहून औरादला जायचं म्हणजे आधी बिदर गाठायचं. रेल्वेनं विकाराबादवरून जा किंवा रस्त्यानं झहीराबादवरून, अंतर साधारण १४० किलोमीटर. बिदरला उतरलेला पाहुणा बहुतेक वेळा किल्ल्याकडे नाहीतर महमूद गावानच्या मदरशाकडे वळतो. १४७२ सालच्या त्या मदरशाच्या भिंतींवर रंगीत फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत. औरादला जाणाऱ्यानं मात्र तडक बसस्थानक गाठावं. कल्याण कर्नाटक परिवहनची बस जनवाडा, कौठा, संतपूर करत उत्तरेकडे जाते, वाटेत मांजरा ओलांडते आणि चाळीसेक किलोमीटरवर आपल्याला औरादला उतरवते. बसची पाटी कानडी, कंडक्टर दखनीत बोलणारा आणि मागच्या बाकावर तुरीच्या भावावर चाललेली चर्चा मराठीत. या रस्त्यावर याचं कोणाला नवल वाटत नाही.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांची मुळं याच भागात आहेत, त्यामुळे जुना हिशेब अनेकांना माहीत असेल. उदगीर, निलंगा, अहमदपूर आणि औराद, भालकी, हुमनाबाद हे सगळे तालुके एका काळी एकाच बिदर जिल्ह्यात होते. आधी निजामाच्या राजवटीत, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. उदगीरकडचा भाग मुंबई राज्यात गेला आणि औराद म्हैसूर राज्यात. सोयरिकी मात्र नकाशा बघून होत नाहीत. आजही औरादची लेक उदगीरला आणि देवणीची लेक औरादला नांदते. २०२२ साली उदगीरला ९५ वं मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा औरादकर तिथं घरच्या कार्याला जावं तसे जाऊन आले.

गावाचं दैवत अमरेश्वर. महाशिवरात्रीच्या सुमारास जत्रा भरते आणि जनावरांचा बाजारही. लांब कानांची देवणी बैलं बघायला लांबून माणसं येतात. पांढऱ्याशुभ्र अंगाचा बाळंक्या, काळ्या तोंडाचा वानेरा आणि काळ्या ठिपक्यांचा शेवरा, हे प्रकार तिथली शाळकरी पोरं लांबूनच ओळखतात. माझी मावशी या गावात आहे. तिच्याकडची ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी (शेजारच्या कानडी घरात हीच भाजी ‘पुंडी’ होते) हे माझ्या औरादच्या फेऱ्यांचं कायमचं कारण. यंदा मात्र दुसरंच काम निघालं.

सप्ताहाचा माईक

मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, गल्लीतल्या भजनी मंडळात टाळ धरतो. मारुतीच्या देवळात दरवर्षी थंडीत हरिनाम सप्ताह असतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि सातही दिवस विण्याचा पहारा. हातातला विणा खाली ठेवायचा नाही, एकानं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि गावजेवण.

दादाचा फोन आला, “तू ते सर्किटाचं करत असतोस ना? आमच्या मायकाचं काहीतरी कर बाबा. महाराज बोलतात, पण काय बोलतात ते मागं बसलेल्याला कळंना गेलंय.”

मला या गोष्टीचा नाद आहे. नोकरी होती तेव्हाही संध्याकाळी गिटारवाल्यांच्या आणि ऑर्केस्ट्रावाल्यांच्या इको-कोरसच्या डब्या बांधत असे. आता निवृत्तीनंतर तेच करतो. त्यामुळे दादाचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. त्यामागे आणखी एक कारण होतं. गल्लीतली निम्मीअधिक मुलं आता कानडी किंवा इंग्रजी शाळेत जातात. घरात मराठी बोलतात, पण ती स्वयंपाकघरातली आणि शेतातली. लांबलचक, नीट बांधलेलं मराठी वाक्य, दृष्टान्त, ओवीचा अर्थ हे त्यांच्या कानावर पडतं ते बहुतांशी या सात दिवसांत. तेच जर घुमाऱ्यात विरघळून जात असेल, तर सप्ताहात नुसता आवाज उरतो.

तूर काढणीला आलेली असताना मी पहिली फेरी केली. सोबत पकड नाही, डाग द्यायचं यंत्र नाही. फक्त मोजपट्टी आणि वही.

गावाचा स्वतःचा प्रतिध्वनी

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे १७ मीटरवरच्या भिंतीपुढे टाळी वाजवली की ती जाऊन-येऊन ३४ मीटर चालते आणि सेकंदाच्या दहाव्या भागानं परत कानावर येते. या कामात सेकंद फार मोठा पडतो, म्हणून मिलिसेकंदात बोलायचं. सेकंदाचे हजार भाग करा, त्यातला एक. दहावा भाग म्हणजे १०० मिलिसेकंद.

देवळाचा सभामंडप पूर्वी माळवदाचा होता. लाकडी खांब, वर माती. माती आणि लाकूड आवाज बराच पिऊन टाकतात. आता तिथं सिमेंटचा स्लॅब आहे आणि भिंतींना छातीपर्यंत गुळगुळीत फरशी. दिसायला देखणं, धुवायला सोपं, पण आवाज कुठेच मुरत नाही. गाभाऱ्यापासून समोरची भिंत १२ मीटर. टाळी २४ मीटरचा फेरा करून ७० मिलिसेकंदांनी परत येते आणि फरशीवरून फरशीवर आपटत राहते.

बाहेर दोन भोंगे. एक देवळाच्या कोपऱ्यावर, दुसरा गल्लीच्या तोंडाशी खांबावर. दोन्हींतलं अंतर मी पावलं आणि मोजपट्टीनं मोजलं, ६० मीटर भरलं. तारेतून वीज क्षणात पोचते, म्हणून दोन्ही भोंगे एकाच वेळी बोलतात. पण गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला जवळच्या भोंग्याचा शब्द आधी ऐकू येतो आणि देवळाकडच्या भोंग्याचा तोच शब्द सुमारे १७५ मिलिसेकंदांनी. म्हणजे यंत्राचा इको बंद ठेवला तरी गल्लीचा इको चालूच.

त्यात मिक्सरवरचं ‘इको’ लिहिलेलं बटण. मंडपवाल्यानं ते अर्ध्याच्या पुढे फिरवलेलं होतं. एक शब्द साधारण ३०० मिलिसेकंदांनी परत येई, मग पुन्हा, मग पुन्हा. बोलताना आपण सेकंदाला चार-पाच अक्षरं उच्चारतो, म्हणजे एका अक्षराला दोनशे-अडीचशे मिलिसेकंद. तीनशेनं परत येणारं अक्षर बरोबर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतं. महाराज ‘विठ्ठल’ म्हणेपर्यंत ठीक, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. पण दृष्टान्त सांगायला लागले की नवा शब्द आणि जुना शब्द एकमेकांत शिरतात.

“मग इको काढूनच टाकू,” असं मी म्हटल्यावर विणेकरी आबांनी मान हलवली. वय सत्तरीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. ते म्हणाले, “पाव्हणे, तसं नका करू. कोरड्या मायकावर गाणाऱ्याला एकटं पडल्यावानी होतंय. मागं कुणीतरी धरलंय असं वाटलं पाहिजे. पण धरणाऱ्यानं पुढं पळू नये.”

कीर्तनात टाळकरी हेच करतात. महाराज चरण म्हणतात, टाळकरी तो मागून उचलतात, थोड्या खालच्या आवाजात. महाराज पुन्हा बोलायला लागले की ते थांबतात. आबांनी मला जे हवं होतं ते एका वाक्यात सांगून टाकलं. इको असा हवा की तो टाळकऱ्यासारखा मागे उभा राहील. आता हे काम करणारी चिप निवडायची होती.

घमेल्यांची रांग

आवाज थोडा वेळ धरून ठेवून मग सोडायचा, हे चिपला कसं जमतं? गावात स्लॅब टाकायचा दिवस आठवा. खालपासून वरपर्यंत माणसांची रांग. पहिला घमेलं भरून दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा तिसऱ्याच्या. माणसं जागची हलत नाहीत, घमेली वर जातात. खाली भरलेलं घमेलं वर पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा उशीर.

फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर या दोघांनी १९६९ साली नेमकी अशीच चिप मांडली. इंग्रजी नाव ‘बकेट ब्रिगेड’, आग विझवायला बादल्या पुढे देणाऱ्यांची रांग. आपल्याला घमेल्यांची रांग जास्त ओळखीची. आवाजाचा विजेत रूपांतर झालेला एकेक क्षण म्हणजे एकेक घमेलं. चिपमध्ये शेकडो छोटे कपॅसिटर ओळीनं असतात आणि बाहेरून एक घड्याळ टिकटिकत असतं. प्रत्येक टिकेला विजेचा साठा पुढच्या कप्प्यात सरकतो. यात आवाजाचे आकडे करायचे नसतात. जेवढा दाब तेवढाच साठा पुढे जातो, म्हणून हिला अ‍ॅनालॉग म्हणतात.

एक गंमत अशी की घमेलं पुढे द्यायचं तर पुढच्याचे हात रिकामे हवेत. म्हणून कोणत्याही क्षणी निम्मे कप्पे भरलेले आणि निम्मे मोकळे असतात. हिशेब सोपा आहे. कप्प्यांची संख्या घ्या, तिला घड्याळाच्या वेगाच्या दुपटीनं भागा. १०२४ कप्पे आणि सेकंदाला १०,२४० टिका, तर उशीर ५० मिलिसेकंद. घड्याळ हळू केलं की उशीर वाढतो.

मग घड्याळ हवं तेवढं हळू का करू नये? कारण घमेली विरळ पडतात आणि आवाजातले बारकावे दोन घमेल्यांच्या मधून निसटतात. घड्याळाच्या वेगाच्या फार तर तिसऱ्या हिश्शापर्यंतचे सूर धड पोचतात, वरचे आधीच चाळून काढावे लागतात, नाहीतर ते विचित्र कुरकुर होऊन परत येतात. शिवाय प्रत्येक हाताशी थोडं सांडतंच. म्हणून या चिपमधून निघालेला प्रतिध्वनी मूळ आवाजापेक्षा जरा मंद आणि मऊ असतो, घोंगडी पांघरून बोलल्यासारखा.

गिटारवाले या मऊपणावर जीव टाकतात. बॉस कंपनीच्या १९७९ च्या कोरस पेडलमध्ये मात्सुशिताची एमएन ३००७ होती आणि १९८१ च्या डिले पेडलमध्ये एमएन ३००५. त्यांना तो मऊपणा सुराच्या गोडव्यासाठी हवा असतो, मला तो शब्दासाठी हवा होता. मराठीतला ‘स’ घ्या. त्याची सळसळ चार-पाच किलोहर्ट्झच्या वर असते. ‘सर’ की ‘चर’ की ‘घर’, हे कान त्या पहिल्या व्यंजनावरून ठरवतो. स्वर खालच्या पट्टीत राहतात. प्रतिध्वनीतून वरची पट्टी काढून टाकली तर परत येतो तो फक्त स्वरांचा घुमारा. व्यंजनं एकदाच ऐकू येतात, गाणाऱ्याच्या तोंडून, आणि त्यांच्यावर दुसरं काही येऊन पडत नाही.

कोठीच्या बाजारात

हैदराबादला परतल्यावर कोठीच्या गुजराती गल्लीत चकरा सुरू झाल्या. पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळची दुकानं किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड ज्यांनी पाहिलाय, त्यांना या बाजाराची कल्पना येईल. माझ्यापुढे चार पर्याय होते. असं काही बांधायची हौस असलेल्या वाचकांच्या उपयोगाचं म्हणून चारही सांगतो.

पहिली एमएन ३००५. हिच्यात ४०९६ कप्पे, २० पासून २०० मिलिसेकंदांपर्यंत उशीर. नाव फार मोठं, पण मूळ उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झाली. जुना माल महाग आणि त्यात खोट्या चिपांचा सुळसुळाट. दुसऱ्याच कुठल्या चिपचं नाव घासून त्यावर हे नाव छापतात. कापसाला अ‍ॅसिटोन लावून पुसलं की कधी कधी काळा रंग निघतो आणि खालचे घासल्याचे ओरखडे दिसतात. शिवाय हिला १५ व्होल्ट लागतात आणि तेही उणे बाजूचे.

दुसरी एमएन ३००७. १०२४ कप्पे, ५ ते ५१ मिलिसेकंद. कोरससाठी उत्तम. पण बोलण्यात पन्नास मिलिसेकंदांच्या आतला प्रतिध्वनी कानाला वेगळा वाटत नाही, मूळ आवाजातच मिसळतो. आबांना हवा होता तो ‘मागं धरणारा’ यातून मिळणार नव्हता.

तिसरी ३२०० मालिका. ३२०७ मध्ये १०२४ कप्पे, ३२०८ मध्ये २०४८. ही ४ ते १० व्होल्टवर चालते. मूळ कंपनीच्या मिळाल्या नाहीत तरी शांघायच्या बेलिंगच्या बीएल आणि कूलऑडिओच्या व्ही या अक्षरांनी सुरू होणाऱ्या त्याच क्रमांकांच्या चिपा बनतात. घड्याळासाठी ३१०२ नावाची जोडीदार चिप लागते. एक सावधगिरी हवी. ३००७ आणि ३२०७ दोन्हींना आठच पाय, पण एकीला उणे वीज आणि दुसरीला अधिक. पाय जुळतात म्हणून एकीच्या जागी दुसरी बसवली तर चिप जाते.

चौथी पीटी २३९९. तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीची. खरं तर ही घमेल्यांच्या रांगेतली नाही. ही आवाजाचे आकडे करून ४४ किलोबिटच्या स्मृतीत ठेवते आणि पुन्हा त्यांचा आवाज करते. एकच चिप, पाच व्होल्ट, सहाव्या पायाला एक रोधक बदलला की ३० पासून ३४० मिलिसेकंदांपर्यंत उशीर. स्वस्त, आणि जवळजवळ कुठल्याही दुकानात मिळणारी. उशीर वाढवत नेला की हिचा आवाज खरखरीत होतो, पण १५० च्या आत ती नीट वागते.

दुकानदार म्हणाला, “साहेब, २३९९ घ्या. ३४० मिलिसेकंद मिळतात.” जास्त मिळतं ते चांगलं, हा बाजाराचा नियम. पण मला तर मोजून ८० ते १५० मधलंच काहीतरी हवं होतं. देवळाची स्वतःची ७० मिलिसेकंदांची परतफेड संपल्यावर सुरू होणारं आणि पुढचं अक्षर यायच्या आत विरून जाणारं.

औरादच्या बाजूनं विचार केला तर आणखी दोन गोष्टी ठरत होत्या. पहिली वीज. सप्ताहात दिवे गेले की मंडळी १२ व्होल्टच्या बॅटरीवर माईक चालवतात. म्हणून १५ व्होल्टची मालिका बाद आणि ३२०० मालिका पसंत. ७८०८ नावाचा तीन पायांचा नियंत्रक १२ चे ८ व्होल्ट करतो, काम झालं. दुसरी गोष्ट दुरुस्तीची. मी दरवर्षी पकड घेऊन हजर असेन याची काय खात्री? बसस्थानकाच्या बाजूला रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या भाईंना मी पहिल्या फेरीतच भेटलो होतो. ३२०८ चं नाव काढल्यावर ते म्हणाले, “ये तो इधर मिलताच नै जी. २३९९ है, वो रोज का काम है.”

म्हणून मी दोन डब्या बांधल्या. एका डबीत दोन ३२०८ एकीमागे एक, मिळून ४०९६ कप्पे, ११० मिलिसेकंदांवर बसवलेल्या, बटण फिरवून १५० पर्यंत. दुसऱ्या डबीत एकच २३९९, तेवढ्याच उशिरावर. दोन्हींत साडेतीन किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापणारी चाळणी, आणि प्रतिध्वनी एकदाच, फार तर दीड वेळा. बटण कितीही फिरवलं तरी त्यापुढे जाणार नाही असा रोधक आतच घातला. सप्ताहात बटणाला हात लावणारे बरेच असतात, म्हणून हे लागतंच.

मुलांची परीक्षा

सप्ताहाच्या आदल्या दिवशी औरादला पोचलो. मावशीनं विचारलं, “काय करूलालास रे एवढं मोठं?” मी दोन्ही डब्या दाखवल्या. दोन्ही तिच्या मिसरीच्या डबीपेक्षा थोड्याच मोठ्या होत्या. तिचा विश्वास बसला नाही.

दुपारी देवळात गल्लीतली मुलं गोळा केली, कारण एक गोष्ट त्यांनाच कळणार होती. १५० मिलिसेकंदांवर पहिल्या डबीचं घड्याळ सेकंदाला सुमारे १३,६५० वेळा टिकटिकतं. त्याची बारीक शिट्टी भोंग्यातून निघाली तर ती माझ्या वयाच्या माणसाला ऐकू येत नाही, मुलांना येते. एका मुलीनं लगेच कानावर हात ठेवला, “काका, डास गुणगुणायलाय.” बाहेर जाणाऱ्या चाळणीत एक टप्पा वाढवला, तेव्हा डास गेला.

मग खरी परीक्षा. मी शब्दांची यादी केली होती. माळ, टाळ, बाळ, काळ, जाळ. सर, घर, भर, चर. फक्त पहिलं अक्षर वेगळं, बाकी सारखं. आबांनी माईकवर एकेक शब्द म्हणायचा आणि मुलांनी ऐकून वहीत लिहायचा. काही मुलं सभामंडपाच्या शेवटच्या भिंतीशी बसली, काही गल्लीच्या तोंडाशी दुसऱ्या भोंग्याखाली. आधी मंडपवाल्याचा जुना इको, मग पहिली डबी, मग दुसरी, आणि शेवटी इकोच नाही. दर वेळी यादीचा क्रम वेगळा.

वह्या गोळा केल्यावर मी जरा गोंधळलो. निम्म्या वह्यांतले मराठी शब्द कानडी लिपीत लिहिलेले होते. मुलांना तेच सवयीचं. तपासायला दादाची नात बसली, ती दोन्ही लिप्या वाचते. जुन्या इकोच्या पानांवर रिकाम्या जागा आणि खाडाखोड भरपूर. ‘टाळ’च्या जागी ‘काळ’, ‘बाळ’च्या जागी ‘माळ’. दोन्ही डब्यांच्या पानांवर चुका थोड्या, इको नसलेल्या पानाच्या जवळपास. पण गल्लीच्या तोंडाच्या मुलांच्या चुका डब्या लावूनही फारशा कमी झाल्या नाहीत. तिथं साठ मीटरचा इको आधीच होता. त्यावर उपाय चिपमध्ये नव्हता. दुसऱ्या भोंग्याला डबीतून न नेता कोरडा आवाज दिला, त्याचं तोंड देवळापासून उलट्या दिशेला फिरवलं आणि देवळाकडच्या भोंग्याचा आवाज खाली आणला. मग तिथल्या वह्याही सुधारल्या.

मग आबांना गायला बसवलं, दोन्ही डब्यांवर आळीपाळीनं, कुठली चालू आहे ते न सांगता. पखवाज आणि टाळांना इको द्यायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. टाळ मुळातच इतका झणझणतो की त्याला मागून कोणी धरायची गरज नसते. आबांनी डोळे मिटून दोन्ही ऐकल्या आणि घमेल्यांच्या रांगेची निवडली. म्हणाले, “यात शब्द पुढं जातोय आणि सूर मागं ऱ्हातोय. दुसऱ्यातबी कळतंय, पण ते मागचं जरा कडक लागतंय.” माझ्या कानाला फरक अगदी थोडा होता. साठ वर्षं टाळकऱ्यांच्या पुढे उभं राहून गाणाऱ्याच्या कानाला तो पुरेसा होता.

कुठली डबी कुठे

देवळात ३२०८ ची डबी बसली. चिपा डाग न देता सॉकेटमध्ये लावल्यात, म्हणजे खराब झाली तर चिमट्यानं काढून दुसरी खोचता येते. जादा दोन ३२०८ आणि एक ३१०२ कागदाच्या पुडीत गुंडाळून डबीतच ठेवल्या. २३९९ ची डबी भाईंना दिली. त्यांनी ती उघडून पाहिली, चाळणीचे दोन कपॅसिटर बोटानं दाखवून विचारलं, “फरक इसीच का है?” मी म्हटलं, बराचसा. “हौ, फिर तो मैं सब को बना के देतूँ.” संतपूरकडच्या एका मंडळानं त्यांच्याकडे लगेच विचारणाही केली. मला हे जास्त आवडलं. आबांच्या कानाला पहिल्या नंबरची चिप एका देवळात राहील, आणि दुसऱ्या नंबरची, जी तालुक्यात मिळते आणि दुरुस्त होते, ती दहा देवळांत जाईल.

सप्ताहाच्या तिसऱ्या रात्री कीर्तन ऐकायला मी मुद्दाम मागे, बायकांच्या ओळींच्या शेवटी भिंतीला टेकून बसलो. महाराज एका शेतकऱ्याचा आणि त्याच्या मुक्या बैलाचा दृष्टान्त सांगत होते. पुढचे हसले तेव्हाच मागचेही हसले. नाहीतर एरवी पुढचे हसतात, मागचे एकमेकांना विचारतात आणि तोवर महाराज पुढच्या अभंगावर गेलेले असतात. मावशीला हल्ली कमी ऐकू येतं. घरी आल्यावर तिनं तो अख्खा दृष्टान्त नातवाला सांगितला, बैलाच्या रंगासकट. नातवानं मध्येच तिला थांबवून ‘दृष्टान्त’ म्हणजे काय ते विचारलं, आणि तिनं तेही सांगितलं.

निघायच्या दिवशी डबीच्या झाकणाच्या आत मी मंडलाकृती चिकटवली आणि खाली मराठीत लिहिलं : ‘वीज ८ व्होल्ट. चिपेचा खाचेचा भाग वर. लांबच्या भोंग्याला इको देऊ नये.’ भाईंचं शिक्षण कानडी शाळेतलं. त्यांनी पेन घेतलं आणि शेजारी तेच कानडीत उतरवून ठेवलं.